मुलाच्या मापाची झांज

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप दरवर्षी ठरलेला असतो : "डॉक्टर, रोग आणि औषधे यांवर नको, काही वेगळे लिहा." यंदा हा आदेश मी अक्षरशः पाळण्याचे ठरविले आहे. इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटवरील सिंबल-पॅड कसे बसवावेत आणि कसे जुळवावेत, हा माझा आजचा विषय. बालरोगतज्ज्ञाने या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर माझ्या बाह्यरुग्ण कक्षातच आहे. मनगट दुखते, खांदा भरून येतो, कानात गुंजन होते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या शाळकरी मुलांत हल्ली अधूनमधून एखादा 'ड्रमर' निघतो. आणि त्याच्या दुखण्याचे मूळ त्याच्या शरीरात नसून घरातल्या त्या लोखंडी सांगाड्याच्या दोन-तीन स्क्रूंमध्ये असल्याचे आढळते.

आपल्या बडोद्यात जुने वाडे गेले आणि फ्लॅट आले. खराखुरा ड्रमसेट फ्लॅटमध्ये वाजविणे म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचे वैर पत्करणे. इलेक्ट्रॉनिक संचात रबराचे किंवा जाळीचे पॅड असतात आणि ध्वनी हेडफोनमध्ये उमटतो, म्हणून तो घरात मावतो आणि सोसायटीतही खपतो. त्यातून नवरात्रातील गरब्याच्या वाद्यवृंदात ऑक्टोपॅड वाजविणारा वादक हा आपल्या मुलांचा जुना आदर्श! तेव्हा परीक्षेत चांगले गुण मिळाले की मुलगा किंवा मुलगी ड्रमसेट मागते, खोके घरी येते, वडील रविवारी दुपारी पुस्तिका उघडून जोडणी करतात आणि बहुधा स्वतःच्या मापाने करतात. दुखण्याची सुरुवात तेथूनच होते.

झांज, कांसे आणि स्फटिक

सिंबल म्हणजे झांजच. आपल्या भजनातील टाळ-झांजा जशा कांशाच्या, तसेच पाश्चात्त्य ड्रमसेटवरील उत्तम सिंबलही तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे असतात. सुमारे ८० टक्के तांबे व २० टक्के कथील हे त्याचे प्रसिद्ध प्रमाण. या धंद्यातील झिल्जियन हे घराणे आपला आरंभ १६२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये झाला असे मानते. ड्रमसेटवर प्रामुख्याने तीन प्रकारचे सिंबल असतात. पायाने उघडझाप होणारी जोडी ती 'हाय-हॅट', ठोका ठळक करण्यासाठी एकदम कडाडणारा तो 'क्रॅश' आणि सतत लय धरून ठेवणारा तो 'राइड'.

इलेक्ट्रॉनिक संचात कांशाची जागा प्लास्टिक व रबर यांच्या तबकडीने घेतली. तिच्या पोटात पिएझो चकती असते. दाब पडला की विद्युतभार निर्माण करण्याचा काही स्फटिकांचा हा गुण पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. आपण रोज हाताळतो त्या सोनोग्राफीच्या प्रोबमध्येही हाच गुण कामाला येतो. रबरावर स्टिक पडते, चकती कंप पावते, क्षीण विद्युत्संकेत तारेतून मॉड्यूलकडे जातो आणि मॉड्यूल त्या आघाताच्या जोराप्रमाणे साठवलेला ध्वनी ऐकविते. दोन झोनच्या पॅडमध्ये कडेखाली दाबाने मिटणारी स्विचची पट्टीही असते. कडेवर मारले तर क्रॅशचा कडकडाट उमटतो आणि कड बोटांत धरली तर खऱ्या झांजेप्रमाणे तो ध्वनी तेथेच तुटतो. पिएझोसाठी एक आणि स्विचसाठी दुसरी अशा दोन वाहिन्या लागत असल्याने अशा पॅडला स्टिरिओ तारच जोडावी लागते. साधी मोनो तार लावली तर कड मुकी राहते. मग मूल आवाज येत नाही म्हणून कडेवर आणखी जोराने मारू लागते. दोष तारेचा आणि शिक्षा मनगटाला, असा हा प्रकार आहे.

या वाद्याच्या इतिहासातही शरीराच्या तक्रारीला मानाचे स्थान आहे. १९८१ साली इंग्लंडमध्ये सिमन्सचा एसडीएस-५ हा षट्कोनी पॅडचा संच आला आणि गाजला. त्याचे पॅड मात्र अतिशय कठीण होते. वादकांची मनगटे व कोपरे दुखू लागली आणि पुढील संचांत मऊ रबर वापरावे लागले. १९८५ साली रोलँडचा ऑक्टापॅड आला. तोच आपल्याकडे 'ऑक्टोपॅड' या नावाने रूढ झाला. त्याच कंपनीने १९९७ साली टीडी-१० या संचात जाळीचा पडदा आणला, तेव्हा ड्रमचा पृष्ठभाग पुष्कळच लवचिक झाला. सिंबल-पॅड मात्र आजही मुख्यतः रबराचेच आहेत. म्हणून त्यांची उंची, कोन आणि अंतर यांना विशेष महत्त्व आहे.

आधी आसन, मग वाद्य

रुग्ण तपासताना आपण क्रम मोडत नाही. येथेही मोडू नये. प्रथम स्टूल. दोन्ही पाऊले पेडलवर टेकलेली असताना मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरत्या असाव्यात आणि पाठ सरळ राहावी. त्यानंतर पेडल पायाखाली येतील असे सरकवावेत. नंतर स्नेअरचा पॅड मांड्यांच्या किंचित वर, कोपरे अंगालगत असताना स्टिक सहज टेकेल असा ठेवावा. मग हाय-हॅट आणि सर्वांत शेवटी क्रॅश व राइड. बहुतेक घरी नेमके उलटे होते. दिसायला सुंदर म्हणून सिंबल आधी उंच टांगले जातात आणि मग त्यांच्याखाली मुलाला बसविले जाते.

प्रत्यक्ष जोडणी

सांगाड्याच्या नळीवर क्लॅम्प बसतो, क्लॅम्पमध्ये आडवा किंवा तिरपा दांडा आणि दांड्याच्या टोकाला कलणारी मान. या मानेवर प्रथम पॅड फिरू न देणारा अडसर बसवावा. पॅड गोल फिरला तर तार पिळवटते आणि जॅकशी तुटते. शिवाय अनेक पॅडमध्ये कडेचा स्विच पूर्ण परिघावर नसून वादकाच्या बाजूच्या भागातच असतो. तो भाग मुलासमोर येईल अशी पॅडची दिशा पुस्तिकेतील आकृतीप्रमाणे आधीच निश्चित करावी. त्यावर पॅड, पॅडवर नमद्याची चकती आणि शेवटी पंखांचा नट, ज्याला दुकानदार विंगनट म्हणतात.

हा नट किती आवळावा, यात खरी मेख आहे. हौशी हात तो पिळून घट्ट करतात. परंतु झांज डोलली पाहिजे, मग ती कांशाची असो वा रबराची. आघातानंतर पॅड मागे झुकतो, तेव्हा आघातातील बराचसा जोर त्या डोलण्यात खर्च होतो. पॅड जखडला तर तो जोर स्टिकमार्गे हातात परततो. उलट नट फारच सैल असेल तर पॅड खुळखुळतो, मानेवर आपटतो आणि एका ठोक्याचे दोन ठोके नोंदले जातात. नट लावल्यावर पॅडची कड बोटाने दाबून सोडावी. तो दोन-तीनदा डोलून आपोआप थांबला म्हणजे मात्रा बरोबर समजावी.

दांड्याची दिशाही पाहावी. पॅडचा भार सांगाड्याच्या पायाच्या वर किंवा आतल्या बाजूस यावा. दांडा फार बाहेर ओढला तर संच हेलकावतो, आणि घरात रांगणारे भावंड असेल तर तो अंगावर येण्याचा धोका राहतो. तारांना थोडी ढील ठेवून त्या दांड्याला बांधाव्यात, म्हणजे डोलणाऱ्या पॅडच्या जॅकवर ताण पडणार नाही.

उंची, कोन आणि अंतर

क्रॅशची जागा ठरविण्याची एक सोपी रीत आहे. मुलाला स्टुलावर बसवावे, डोळे मिटायला सांगावेत, खांदे सैल सोडून स्टिक 'झांज असेल तिकडे' उचलायला सांगावे. स्टिकचे टोक जेथे सहज थांबेल, तेथे पॅड आणावा. या स्थितीत कोपर थोडे वाकलेले असते, दंड खांद्याच्या वर जात नाही आणि पाठीला पुढे झुकावे लागत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत ही जागा छाती आणि खांदा यांच्या दरम्यान येते. पोस्टरवरील रॉक वादकांचे सिंबल डोक्याच्या वर दिसतात. ते छायाचित्रासाठी शोभते; रोज तासभर सरावासाठी नव्हे.

कोनाविषयी असे की, पॅड मुलाकडे थोडा कललेला असावा, जेणेकरून स्टिकचा टोकाखालील जाड भाग कडेवर तिरका घसरून जाईल. पॅड अगदी आडवा आणि उंच असेल तर स्टिक कडेवर काटकोनात आदळते. त्यात रबर फाटते, कडेचा स्विच बिघडतो आणि हादरा सरळ मनगटात शिरतो. याउलट पॅड फारच उभा केला तर मनगट मागे मुडपावे लागते आणि पॅडला डोलायला वाव उरत नाही.

राइडवर एका गाण्यात शेकडो ठोके पडतात, म्हणून तो सर्वांत जवळ आणि सर्वांत आरामात हवा. उजव्या बाजूस, कोपर अंगापासून फार दूर न नेता, हस्तांदोलनाला हात पुढे करावा तितक्या उंचीवर तो असावा. हाय-हॅट स्नेअरच्या पृष्ठभागापासून मुलाच्या स्वतःच्या एका वितीइतका वर ठेवावा. उजवा हात डाव्यावरून जाताना दोन्ही स्टिक एकमेकींत अडकू नयेत, इतकेच अंतर पुरे. मूल डावखुरे असेल तर सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटी करावी. त्याला उजव्या मांडणीची सवय लावण्याचा आग्रह धरू नये.

वाढत्या अंगाची नोंद

एका अकरा वर्षांच्या मुलाला पालक उजव्या खांद्याच्या दुखण्यासाठी घेऊन आले होते. क्ष-किरण तपासणी झालेली होती व ती निर्दोष होती. संच विकून टाकावा, असा घरात विचार चालला होता आणि मुलगा त्यामुळे रडवेला झाला होता. मी त्याच्या वादनाचे मोबाइलवरील चित्रण मागविले. संच मूळचा त्याच्या उंच थोरल्या भावाचा होता. क्रॅश त्याच्या कानाच्या रेषेत होता आणि प्रत्येक ठोक्याला त्याचा खांदा कानाकडे उचलला जात होता. काही दिवसांची विश्रांती, क्रॅश चांगला वीतभर खाली, राइड जवळ आणि सरावात दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबणे, एवढ्यावर तीन आठवड्यांत दुखणे गेले. औषधाची चिठ्ठी लिहावी लागली नाही. संचही घरातच राहिला.

किशोरवयात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. सर्वसाधारणपणे मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची चौदाव्याच्या सुमारास सर्वाधिक वेगाने वाढते. त्या एका वर्षात ८ ते १० सेंटिमीटर वाढ सहज होते आणि हातही त्या प्रमाणात लांबतात. जूनमध्ये बरोबर असलेली मांडणी पुढच्या जूनपर्यंत चुकलेली असते. सांगाड्याच्या नळीवर कागदी चिकटपट्टी लावून क्लॅम्पची जागा आणि तारीख लिहून ठेवावी, अशी सूचना मी पालकांना करतो. बाळाच्या वजनाच्या तक्त्यासारखाच हा तक्ता दर सहा महिन्यांनी पाहावा.

काही मुलांचे सांधे मुळातच सैल असतात. बेटन गुणांकनात ज्यांना ९ पैकी बरेच गुण मिळतात, अशी मुले स्टिक निसटू नये म्हणून ती फार घट्ट आवळतात आणि लवकर थकतात. त्यांच्यासाठी पॅड आणखी जवळ घ्यावेत आणि सराव छोट्या तुकड्यांत ठेवावा. दुखणे दुसऱ्या दिवशीही राहत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा वेदनेने झोपमोड होत असेल, तर मात्र स्क्रू पिळत न बसता मुलाला तपासून घ्यावे.

मॉड्यूलमधील मात्रा

यांत्रिक जोडणी झाली तरी काम अर्धेच झालेले असते. प्रत्येक पॅडसाठी मॉड्यूलमध्ये 'सेन्सिटिव्हिटी', म्हणजे संवेदनक्षमता, ठरविता येते. ईसीजी यंत्रातील गेनसारखी ही बाब आहे. ती कमी असेल तर हलका ठोका हलकासुद्धा ऐकू येत नाही आणि मूल जोर वाढविते. मोठ्या माणसाच्या हाताला जुळविलेला संच लहान मुलाला अशा प्रकारे न बोलता दमवितो. मुलाचा सहज, मध्यम ठोका मध्यम आवाजात आणि त्याचा सर्वांत जोराचा ठोका पूर्ण आवाजात उमटेल, इतकी क्षमता ठेवावी. 'थ्रेशोल्ड' म्हणजे नोंद घेण्याची किमान पातळी. ती फार खाली आणली तर पाय आपटला तरी सिंबल वाजतो. फार वर नेली तर नाजूक ठोके गळतात.

क्रॅश वाजविला असता राइडही उमटला तर त्याला 'क्रॉसटॉक' म्हणतात. सर्व पॅड एकाच सांगाड्यावर असल्याने एकाचा कंप नळीतून दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. येथे मॉड्यूलची बटणे दाबण्याची घाई करू नये. क्लॅम्प सैल आहे का, दोन पॅड एकमेकांना लागतात का, दांडे फार जवळ आहेत का, हे आधी पाहावे. त्यानंतरही दोष उरला तर मॉड्यूलमधील क्रॉसटॉकची मात्रा थोडी थोडी वाढवावी. ती अति झाली तर एकाच वेळी वाजविलेल्या दोन पॅडपैकी एकाचा खरा ठोका गिळला जातो. कारण शोधण्याआधी लक्षण दाबू नये, ही आपल्या गुरुजनांची शिकवण येथेही तंतोतंत लागू पडते.

कानांचा हिशेब

हेडफोनमुळे शेजारी सुखी होतात, परंतु सारा भार मुलाच्या कानांवर येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली वैयक्तिक श्रवणसाधनांसाठी मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की अनुज्ञेय वेळ निम्मी होते. म्हणजे मुलासाठी ८४ डेसिबलवर आठवड्याला ५ तास, तर ९० डेसिबलवर जेमतेम सव्वा तास! रोज अर्धा तास मोठ्या आवाजात वाजविणारे मूल ही मर्यादा आठवडा संपण्याआधीच ओलांडते.

सिंबलच्या जोडणीचा याच्याशी थेट संबंध आहे. पॅड जखडलेला असेल किंवा संवेदनक्षमता कमी असेल तर रबरावर स्टिकची टकटक मोठी होते आणि ती झाकण्यासाठी मूल हेडफोनचा आवाज वाढवीत जाते. पॅड डोलता ठेवावा, क्षमता योग्य करावी, कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन घ्यावा आणि आवाज वादन सुरू होण्यापूर्वीच ठरवून त्या बटणावर खूण करावी. वाजविल्यानंतर कानात गुंजन राहिले किंवा बोलणे दबके ऐकू आले, तर तो इशारा समजावा. खालच्या मजल्यावर कंप जाऊ नये म्हणून संचाखाली जाड रबरी चटई व त्यावर सतरंजी अंथरावी. ती संच सरकण्यापासूनही वाचविते.

वाकते ते वाद्य

इलेक्ट्रॉनिक संचाचे मला वाटणारे सर्वांत मोठे सामर्थ्य अजून सांगायचे आहे. येथे कोणताही ध्वनी कोणत्याही पॅडला देता येतो. डेफ लेपर्ड या इंग्लिश वाद्यवृंदाचा ड्रमवादक रिक ॲलन याचा डावा हात १९८४ च्या ३१ डिसेंबरला झालेल्या मोटार अपघातानंतर गमवावा लागला. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक संच अशा प्रकारे जुळविण्यात आला, की डाव्या हाताचे ठोके त्याने डाव्या पायाच्या पेडलांनी द्यावेत. १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या महोत्सवात तो त्या संचावर वाजवीत होता आणि पुढेही आपल्या वाद्यवृंदात तो वाजवीतच राहिला.

आपल्याकडे सेरेब्रल पाल्सीमुळे एक बाजू दुबळी असलेली कितीतरी मुले येतात. त्यांना आपण फिजिओथेरपी सांगतो आणि ती कंटाळतात. अशा मुलासाठी हाय-हॅटचा पॅड चांगल्या हाताशी घेता येतो. दुबळ्या हातासमोर मांडीच्या उंचीवर मोठा पॅड ठेवून त्याची संवेदनक्षमता वाढविली, तर नुसत्या स्पर्शानेही क्रॅश कडाडतो. जो हात वर्गात लपवून ठेवावा लागतो, त्या हाताने एवढा मोठा आवाज काढला, याचा आनंद त्या चेहऱ्यावर पाहण्यासारखा असतो. व्यायाम म्हणून सांगितलेली हालचाल जे मूल दहा वेळा करीत नाही, ते गाण्यासाठी शंभर वेळा करते. यातून हात बरा होईल, असे आश्वासन मी देत नाही. पण तो हात वापरात राहतो आणि मुलाला त्याची लाज वाटेनाशी होते, एवढे लाभ कमी नाहीत.

पालकांसाठी थोडक्यात

१) स्टूल आधी, सिंबल शेवटी. माप बसलेल्या मुलाचे घ्यावे.
२) पॅड डोलला पाहिजे, विंगनट पिळू नये.
३) क्रॅश खांद्याच्या खाली आणि मुलाकडे थोडा कललेला; राइड सर्वांत जवळ.
४) दोन झोनच्या पॅडला स्टिरिओ तार, कडेच्या स्विचचा भाग मुलाच्या बाजूस.
५) संवेदनक्षमता मुलाच्या ठोक्याने ठरवावी, वडिलांच्या नव्हे.
६) आवाजाच्या बटणावर खूण, सरावात विश्रांती आणि दर सहा महिन्यांनी नवे माप.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना एक विनंती. मनगट वा खांदा दुखणारे मूल समोर आले, तर क्ष-किरण तपासणीची चिठ्ठी लिहिण्याआधी "बाळ, तू काय वाजवतोस?" असे एकदा विचारावे आणि जमल्यास वाजविताना पाहावे. "वाजविणे बंद करा" हा सल्ला देणे सोपे असते, पण त्याने मुलाचा छंद जातो. सांगाड्याला स्क्रू दिले आहेत ते फिरविण्यासाठीच. त्यांच्याऐवजी वाढत्या मुलाचे अंग वाकवू नये.